नुसती पात

कसबा बावड्याच्या रस्त्याला, माझ्या रोपवाटिकेत,
महिपती मेस्त्री रिक्षातून उतरले
कुंडी पोटाशी धरून,
आजारी करडू दवाखान्यात आणावं तशी.

"बघा हो बाई. तिसरं वर्ष.
पात येतीया चांगली, कांद्यागत.
फूल म्हणून न्हाई."

डॅफोडिल. कोल्हापुरात.
मी हसले नाही, या धंद्यात हसायची सवय मोडते.
गेल्या पावसाळ्यात एकानं देवदार आणला होता,
चहाच्या डब्यात.

एकेक विचारत गेले.
ऊन? सकाळचं, गच्चीवर.
खत? शेणखत, मूठभर. युरिया घालतोय व्हय मी.
कांदे किती? सहा. लेकीनं, वैजूनं, इंग्लंडवरनं आणलेले,
स्वेटरच्या बाहीत गुंडाळून.
पहिल्या साली सहाच्या सहा फुलले.
पिवळेधमक, हौसा शेजारणींना हात लावू देत नव्हती.

पात कधी कापली?

इथं मेस्त्री गप्प झाले.
एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम,
नखांच्या कडेला अजून काळी वाळू.
त्या नखांनी कुंडीचा काठ खरवडत म्हणाले,
"हौसा गेली तेव्हा. बाराव्याला मांडव गच्चीवर.
पात माणसांच्या पायात याय लागली.
कात्रीनं उडवली सगळी. हिरवीगार हुती."
मग हळूच,
"तवापासनंच रुसलंय."

पात हिरवी कापू नये हे खरं.
ती पिवळी पडत जाते, लोळते, घाण दिसते,
आणि त्याच दिवसांत खाली कांद्यात
पुढच्या सालची शिदोरी बांधत असते.
पण दोन वर्षांनी कांदा तेवढं विसरतो.
हे कांदे तर चांगले जड होते, पेरूएवढे.

म्हणून विचारलं, एक चिरू?
ते दुसरीकडं बघत म्हणाले, चिरा.

चाकू मधोमध घातला.
आत पानांच्या घडीत कळी होती.
तांदळाच्या दाण्याएवढी,
तपकिरी, कागदासारखी, बोटानं चुरली.
म्हणजे झाड रुसलं नव्हतं.
दरसाल फूल तयार करून ठेवत होतं,
आणि दरसाल काहीतरी ते आतच मारत होतं.

थंडीला कुठं ठेवता?
"फ्रीजात. खालच्या खणात, तीन म्हयने, हौसानं शिकवलं तसं."
आणखी काय असतं खणात?
"एकट्याला काय लागतंय. चार मिरच्या.
आणि सफरचंदं.
डॉक्टरनं तिला सांगितली हुती.
बाजारात गेलो की अजून अर्धा किलो घेतोय. खातंय कोण."

पिकलेल्या सफरचंदाला श्वास असतो.
वासासारखा, पण वास नव्हे.
बंद खणात तो साठतो,
आणि कांद्याच्या पोटातली कळी
त्यानं झोपेतच मरते.
हे मला पक्कं ठाऊक होतं,
जिभेवर आलं होतं.

मी म्हणाले, तुमचा फ्रीज जुना आहे मेस्त्री.
थंडी सारखी पडत नाही.
पात पिवळी होऊ दे, वैशाखात कांदे काढा,
पाऊस संपला की माझ्याकडं आणून ठेवा.
आणि कात्रीचं मनातनं काढून टाका.
कात्रीनं काही झालेलं नाही.

त्यांनी विचारलं नाही, कशानं झालं मग.
चिरलेल्या कांद्याचे दोन्ही अर्धे
रुमालात बांधून नेले.

आता आश्विन. माझ्या फ्रीजात
मिरचीच्या, वांग्याच्या बियांच्या पुड्या,
आणि तपकिरी पिशवीत पाच कांदे,
पिशवीवर खडूनं लिहिलेलं : म. हौसा.
साच्यावर घालतात तशी खूण.
केळीसुद्धा मी आता बाहेर ठेवते.

मंगळवारी येऊन गेले.
दार उघडून पिशवी नुसती बघितली.
मी म्हणणार होते, फार वेळ उघडं नको,
तोवर त्यांनीच लोटलं.
"म्हाइत हाय. साचा लवकर फोडला
की ओतकाम तडकतंय."

जाताना काउंटरवर
चार सफरचंदं ठेवली.
म्हणाले, खावा.